वीत आणि वर मूठ

नारायणगाव अजून पाच किलोमीटर होतं आणि जन्नतबी तिसऱ्यांदा थांबल्या होत्या. दमल्या म्हणून नाही. पुढे शेतात पाणी जायला कुणीतरी रस्त्याच्या कडेने चर खोदला होता, हातभर रुंदीचा. त्यांनी आधी उजवा डोळा झाकून तो पाहिला, मग डावा झाकून पाहिला. मग चप्पल काढली, अंगठ्याने काठ चाचपला आणि ओलांडून पलीकडे गेल्या.

"एका डोळ्याला चर हितं दिसतो, दुसऱ्याला तिथं," त्या म्हणाल्या. "पायानं ऐकायचं कुणाचं?"

आम्ही जुन्नरहून सकाळी साडेसहाला निघालो होतो. दोन महिन्यांपूर्वी त्या एसटीच्या पायरीवरून पडल्या होत्या, तेव्हापासून पायरी असलेल्या गाडीत बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा मुलगा तन्वीर रिक्षा करून देतो म्हणाला, तर "रिक्षात बसायलाबी पाय उचलावाच लागतो" म्हणाल्या. म्हणून पायी. एकसष्ट वर्षांच्या बाईने पंधरा किलोमीटर चालायचं आणि तेही दवाखान्यात जायला, हे मला पटत नव्हतं. पण एकटीला पाठवणंही बरं दिसत नव्हतं. शिवाय दवाखान्याने सांगितलं होतं, वाचता येणारं माणूस सोबत आणा. मी अंगणवाडी सेविका. त्यांची नात इफरा माझ्याकडे होती, तेव्हापासून जन्नतबी मला बाई म्हणतात. मी एक दिवसाची रजा टाकली.

मागून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली. गेणभाऊ आमच्या गल्लीत दूध घालतात. गाडी हळू करून म्हणाले, "ओ बाई, पायी कुठं?"

"दवाखान्यात," मी म्हटलं.

"पायी दवाखान्यात? पोचेस्तोवर बऱ्या व्हाल की."

"मी बरी व्हायला न्हाई चालले, भाऊ," जन्नतबी म्हणाल्या. "भांडायला चाललेय."

"मग उसाच्या कडेनं चालू नका. परवा ह्याच अंगाला बिबट्या दिसलाय."

"लांब आसला तर मला उजव्या डोळ्यानं दिसंल. जवळ आला तर कुठल्याच डोळ्यानं न्हाई दिसायचा. मग भ्यायचं कशाला?"

गेणभाऊ हसत पुढे गेले. मी मनात विघ्नहराचं नाव घेतलं आणि उसाच्या बाजूने स्वतः चालायला लागले.

जन्नतबींचं काम काय, हे जुन्नरच्या बायकांना सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. त्या पोत ओवतात. मंगळसूत्राचे काळे मणी रेशमी दोऱ्यात ओवायचे, वाट्या बसवायच्या, मागे गोंडा करायचा, आणि प्रत्येक ठिकाणी अशी गाठ मारायची की ती दिसू नये आणि सुटू नये. आमच्यात मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. वाढलं की बाई गळ्यात दोऱ्यात हळकुंड बांधते, मणी पदराच्या गाठीत घेते आणि जन्नतबींच्या दाराशी येते. पोत पुन्हा गळ्यात पडेपर्यंत कितीतरी जणी पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणून त्या दारात बसलेल्या बाईला त्यांनी कधी "उद्या ये" म्हटलेलं नाही. ईदच्या दिवशीही नाही. त्यांच्या घरात हे काम तीन पिढ्यांचं. नवरा महंमद हनीफ गोंडे करायचे आणि घोडेगाव, मंचरच्या बाजारात बसायचे. ते गेल्याला बारा वर्षं झाली. घर तेव्हापासून जन्नतबींच्या दोऱ्यावर चाललं, तन्वीरचं आयटीआयसुद्धा.

एवढं बारीक काम त्यांना जमायचं, त्याचं कारण मला त्या चालण्यात कळलं.

"शाळंत मला फळाच दिसायचा न्हाई," त्या सांगत होत्या. "उंच व्हते म्हनून गुरुजींनी मागं बसवलं. फळ्यावर काय लिवलंय म्हनून इचारलं की मी गप. ढ म्हनले. दुसरीतून काढली. निकाहाच्या टायमाला आईनं सांगितलं, पावणं आलं की खाली बघून ऱ्हा, लाजती म्हनतील. मला समोरचा मानूस पांढरं ढग दिसायचा. पन सासूनं पहिल्यांदा हातात मणी दिलं ना, बाई, त्याच्या भोकात अडकलेला कचरा मला दिसला. सासूला न्हाई दिसला. ती म्हनली, ही पोर देवानं आपल्यासाठीच घडवलीय."

त्यांना उणे सहाचा नंबर होता, जन्मभर. चष्मा कधी घेतला नाही. नाकापासून वीतभराच्याही आतलं जग त्यांना सुईसारखं स्वच्छ दिसायचं आणि त्यांचं सगळं काम तेवढ्यातच होतं. पाय लांब करायचा, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, दुसरं टोक डोळ्यांजवळ ओढून घ्यायचं आणि ओवायला लागायचं. शिवनेरी त्यांच्या दारातून दिसतो. तो किल्ला कसा दिसतो हे त्यांना साठाव्या वर्षी समजलं, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर.

"किल्ला चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन मला किल्ला ओवायचा न्हाई."

ते ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात नारायणगावच्या ह्याच दवाखान्याच्या शिबिरात झालं होतं. आमच्याकडे अजून लोकांना वाटतं की डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, उन्हाळ्यात जखम चिघळते. आणि मोतीबिंदू चांगला पिकल्याशिवाय काढू नये, असंही. त्यामुळे वर्षभर कुणी फिरकत नाही आणि पौषात एकदम रांग लागते. त्या रांगेत अर्ज भरून घेणाऱ्याने विचारलं, "काम काय करतात?" तन्वीर म्हणाला, "काय नाही, घरीच असते." अर्जावर गृहिणी लिहिलं गेलं. मग विचारलं, "लांबचं दिसायला पाहिजे ना?" तन्वीर म्हणाला, "हो." आपल्याबद्दल कुणी काही विचारलं, हे जन्नतबींना कळलंसुद्धा नाही.

डोळ्याच्या आतलं भिंग काढून दुसरं बसवतात, ते कितीच्या ताकदीचं असावं याचं एक गणित असतं. ते गणित त्यांच्या उजव्या डोळ्यासाठी शून्यावर धरलं, म्हणजे लांबचं बिनचष्म्याचं दिसावं म्हणून. तेही नीट जमलं नाही. शून्याऐवजी अधिक सव्वा आलं. लांबचं बऱ्यापैकी आणि जवळचं पार गेलं. जवळच्यासाठी चष्मा दिला. तो घालून मणी हातभर लांब धरावे लागत आणि तिथून ते मोहरीएवढे बारीक दिसत. डावा डोळा तर मोतीबिंदूने धुरकट झालेला.

तरी त्या काम करत राहिल्या, बोटांच्या सवयीवर. मग एक दिवस प्रयागबाई आली, ओतूरकडची. आठ दिवसांपूर्वी ओवून नेलेली पोत तिने पदरातून काढून पुढ्यात ठेवली. गाठ सुटली होती. वापरून तुटलेली नव्हती, सुटलेली होती. प्रयागबाई एक शब्द बोलली नाही. हळकुंडाचा दोरा चाचपत भिंतीला टेकून बसून राहिली.

"शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं," जन्नतबी म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी दार लावलं. बायका यायच्या आणि परत जायच्या. आणि आता डाव्या डोळ्याची तारीख आली होती. दवाखान्याच्या कागदावर त्यापुढेही तेच छापलं होतं: काम, गृहिणी. तन्वीरने तो कागद आणून दिला तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्या तन्वीरकडे बघत म्हणाल्या, "ज्या दोऱ्यावर तुला शिकवला त्यो घरात आपोआप ओवला जात व्हता व्हय रे?" तो पाय हलवत म्हणाला, "अम्मी, आता राहू दे की. साठी झाली. बस कर काम." त्या म्हणाल्या, "माझं काम बंद करायचं तर मी करंल. डॉक्टरच्या भिंगानं न्हाई."

वारूळवाडीच्या अलीकडे एका लिंबाखाली आम्ही बसलो. बाजूने टोमॅटोच्या क्रेटचे पिकअप जात होते. मी डबा उघडला, त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून अंतर बदलत त्याच्याकडे बघत राहिल्या, पुढे, मागे, पुढे. "हितं," त्या म्हणाल्या. "हितं गाठ आसती माझी. हितनं पुढं मला काय नको."

दवाखान्यात आम्ही पावणेअकराला पोहोचलो. डोळे मोजणारी मुलगी समृद्धी, पेठची. तिने जन्नतबींना खुर्चीत बसवून हनुवटी मशीनवर ठेवायला लावली. मशीनने आत उजेड टाकला, थोडा वेळ घरघर केली आणि काहीच दाखवलं नाही.

"मोती फार पिकलाय आजी. उजेड आरपार जात नाही," समृद्धी म्हणाली. "आता डोळा बधिर करून काडीने मोजावं लागेल. हलू नका."

ती पेनाएवढी काडी डोळ्याला अलगद टेकवायची होती. टेकवली की पडद्यावर आकडा यायचा. तिने एकदा मोजलं, दोनदा मोजलं, पाचदा मोजलं. दोन आकडे तिने खोडले.

"ते का खोडलंस?" मी विचारलं.

"माझा हात दाबला गेला. दाबलं की डोळा जरासा चपटतो आणि त्याची पुढून मागची लांबी कमी येते. एक मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीनने चुकतो, ताई. ह्या आजींचा डोळा मुळातच लांब आहे. साधारण साडेतेवीस मिलिमीटर असतो, ह्यांचा सव्वीसच्या वर. लांब डोळ्यात जुनं गणित अधिकाकडे सरकतं."

"म्हनजे माझ्या उजव्या डोळ्यात तेच झालं," जन्नतबी खुर्चीतूनच म्हणाल्या.

समृद्धीने उजव्या डोळ्याचे जुने कागद उलटून पाहिले. मग म्हणाली, "हो."

"तर तसं लिव."

"आजी, मी कसं लिहू? डॉक्टर लिहितात."

"मग डॉक्टरला बोलाव. मी हितनं उठत न्हाई."

बाहेर बाकावर पस्तीस माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ आत डोकावून म्हणाले, "मावशी, आवरा की. आम्हालाबी डोळं हायेत." त्या म्हणाल्या, "म्हनूनच बसलेय. तुमचाबी नीट मोजतील." आणि बसून राहिल्या.

डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्यांना बत्तीस ऑपरेशनं करायची होती आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. खुर्ची ओढून समोर बसले ही त्यांची चांगली गोष्ट.

"काय म्हणणं आहे, आजी?"

"माझं काम लिवलेलं न्हाई. ते लिवा. आन ह्या डोळ्याला लांबचं नको. जवळचं ठेवा, पयल्यासारखं."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "लोक चष्मा जावा म्हणून भांडतात. तुम्ही नंबर राहावा म्हणून भांडताय."

"लोक काय करत्यात ते मला म्हाईत न्हाई. मी पोत ओवते."

"दोन्ही डोळे सारखे असले पाहिजेत. एकात अधिक आणि एकात उणे राहिलं तर डोकं दुखेल, पायरी चुकेल."

"ती आत्ताबी चुकती. आत्ता सातचा फरक हाय, ह्या पोरीला इचारा. जुन्नरहून चालत आले मी, गाडीत बसता येत न्हाई म्हनून."

डॉक्टरांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी समृद्धीकडे पाहिलं, तिने मान हलवली.

मग जन्नतबींनी जे केलं ते त्या खोलीत आधी कुणी केलं नसेल. खुर्चीतून उतरून त्या फरशीवर बसल्या, उजवा पाय लांब केला, कमरेच्या पिशवीतून दोरा काढून अंगठ्याला अडकवला आणि दुसरं टोक तोंडापाशी ओढून घेतलं. डोळे मिटले. दिसत तर नव्हतंच. बोटांनी गाठ मारली आणि हात तसेच अधांतरी धरून ठेवले.

"मोज," समृद्धीला म्हणाल्या. "नाकापासनं गाठीपर्यंत."

समृद्धीने खिशातून पट्टी काढली. "सतरा सेंटिमीटर."

"ह्येचा नंबर किती?"

"शंभराला सतराने भागायचं. जवळजवळ उणे सहा."

"तेवढा ठेवा."

"नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण नाही म्हणाले. "उणे सहा मी ठेवणार नाही. चुकून बोट ठेचेल, रस्त्यात गाडी दिसणार नाही. फार तर उणे दीड."

"दीडात मला माझं गुडघं दिसत्याल. साडेपाच."

"दोन."

"पाच. आन भाव करायची मला सवय हाय, डॉक्टर. मंचरच्या बाजारात बसलेय मी."

दारातले म्हातारे आता आत आले होते. त्यांना घाई राहिली नव्हती.

समृद्धी खाली वाकली आणि त्यांचे हात धरून हळूहळू पुढे सरकवायला लागली. "आजी, इथे काम होईल का? गुडघा थोडा वाकवला तर?" जन्नतबींनी डोळे मिटलेलेच ठेवून तिथे एक गाठ मारून बघितली, मान हलवली. ती हात परत थोडे जवळ आणायची, त्या परत गाठ मारायच्या. असं चारपाच वेळा झालं. शेवटी त्यांनी स्वतःच हाताची वीत पसरून नाकाला लावली आणि वितीच्या पुढे दुसऱ्या हाताची मूठ ठेवली.

"वीत आन वर मूठ. ह्येच्या पुढं एक बोट न्हाई."

पट्टीवर तेहतीस आलं.

"उणे तीन," समृद्धी म्हणाली. डॉक्टरांकडे न बघता म्हणाली.

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले, परत आले. मग कागद घेऊन समृद्धीशी बोलत बसले. ते बोलणं मला सगळं समजलं नाही, पण एवढं समजलं की ह्या वेळी लांब डोळ्यांसाठीचं नवं गणित घ्यायचं ठरलं. आणि उजव्या डोळ्यात जो सव्वाचा फरक आला, त्यातला निम्मा धरून ह्या डोळ्याचं भिंग बदलायचं. उजव्याला तेराचं भिंग होतं, डाव्याला साडेअठराचं ठरलं.

"उजव्याचं चुकलं म्हनून ह्येचं सुधरतंय तर," जन्नतबी म्हणाल्या.

"चुकलं असं नाही, आजी. असा फरक येऊ शकतो."

"माझी गाठ सुटली तेव्हा मी म्हनले, चुकली. फरक आला न्हाई म्हनले."

डॉक्टरांनी पेन काढलं. गृहिणी खोडलं, वर लिहिलं: मंगळसूत्र व पोत ओवणे. खाली लिहिलं: उजव्या डोळ्यात अपेक्षेपेक्षा अधिक सव्वा आला. आणि त्याखाली: रुग्णाच्या मागणीनुसार डावा डोळा उणे तीन. मला म्हणाले, "वाचून दाखवा त्यांना. दोन डोळ्यांतल्या फरकाची सवय लागेलच असं मी म्हणत नाही. सही त्यांची आहे."

मी वाचलं, एकेक ओळ दोनदा. जन्नतबींनी कागद डोळ्याशी नेला, दिसेना, मग माझ्या बोटाने जागा दाखवून घेतली आणि लिहिलं, जन्नत. दुसरीपर्यंतचं अक्षर, वाकडं पण पूर्ण.

ऑपरेशन तीन दिवसांनी झालं. मी त्या दिवशी जाऊ शकले नाही, अंगणवाडीत पोषण आहाराची तपासणी होती. सकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हा त्यांचं नाव घेतलं, एवढंच.

खरा नंबर महिन्याने कळतो. तोपर्यंत डोळा बसायचा असतो आणि बारीक काम करायचं नसतं. तो महिना त्यांनी दार लावून काढला. बायका आल्या की तन्वीर सांगायचा, अम्मीचं ऑपरेशन झालंय. एकदा त्याला मी ऐकलं, एका बाईला म्हणत होता, "पंधरा तारखेनंतर या, तेव्हा ओवायला बसेल." घरीच असते असं तो आता म्हणत नव्हता.

महिन्यानंतर मी सोबत गेले. ह्या वेळी वडापच्या जीपने. पायरीपाशी त्या थांबल्या, दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहिले, दांडा धरला आणि चढल्या. समृद्धीने एकेक काच लावून तपासलं आणि कागदावर लिहिलं: उणे पावणेतीन.

डॉक्टर खूश झाले. "ठरवलं तीन, आलं पावणेतीन. पाव नंबरचा फरक. ह्याहून जवळ कुणाला मोजता येत नाही, आजी."

"तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा," जन्नतबी म्हणाल्या. पण त्यांनी डॉक्टरांना दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि समृद्धीच्या गालाला हात लावला.

बाहेर चिंचेखाली बाक आहे. तिथे त्या बसल्या, पाय लांब केला, चप्पल काढली. दोरा काढला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. डाव्या डोळ्याने, उजवा मिटून, माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे.

"बाई, घरी गेल्यावर तुमचं मंगळसूत्र सोडा आन मला द्या."

ते मी बावीस वर्षांत आपण होऊन गळ्यातून कधी उतरवलेलं नाही. वाढलं ते दोनदा, आणि दोन्ही वेळा त्यांनीच ओवलं.

"मला म्हाईत हाय मी काय मागतेय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं सगळ्या जनी वाढलेलं घेऊन आल्या. धडधाकट पोत सोडून कुनी दिली न्हाई, आन मी कधी मागितली न्हाई. पन ह्या डोळ्याची पयली गाठ मी परक्या बाईच्या गळ्यात न्हाई घालनार. हळकुंड मी आणून ठेवलंय. तुमी माझ्यासमोर बसायचं, मी ओवंल, तुमी घालायचं, आन रोज ओढून बघायचं. सुटली तर माझ्या तोंडावर सांगायचं, सुटली म्हनून. द्याल का?"